कामाचा लॅपटॉप कोरा करताना: विंडोजच्या ‘रीसेट धिस पीसी’ची पारख

विंडोजसोबत मिळणारे ‘रीसेट धिस पीसी’ हे विंडोज नव्याने बसवणारे साधन मुळात बिघडलेल्या संगणकासाठी बनवलेले आहे; पण कित्येक जण ते पसारा झालेल्या संगणकासाठी वापरतात, आणि या दोन गरजा एक नव्हेत. बिघडलेल्या संगणकावरच्या फाइली आपल्याला हव्या असतात आणि यंत्रणा नकोशी झालेली असते. पसारा झालेल्या संगणकाची यंत्रणा बहुधा ठणठणीत असते, नकोशा झालेल्या असतात त्या फाइली. कामाचा लॅपटॉप पूर्ण पुसून नव्याने सुरुवात करण्यासाठी हे साधन कितपत उपयोगी आहे, हे पाहताना हा फरक सतत डोळ्यांसमोर ठेवावा लागतो, कारण साधन स्वतः तो कुठेही सांगत नाही.

आधी पुसण्याची गरज खरोखर आहे का, हे तपासावे. लॅपटॉप केवळ मंद झाला असेल, तर टास्क मॅनेजर उघडून ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’च्या यादीवर एक नजर टाकली तरी निम्मे उत्तर मिळते. बैठकीची तीन-चार अ‍ॅप्स, कधीकाळी जोडलेल्या प्रिंटरचा मदतनीस, दोन क्लाउड सेवा आणि प्रत्येक प्रोग्रामचा स्वतंत्र ‘अपडेटर’ अशी मंडळी लॅपटॉप सुरू होताच कामाला लागलेली असतात, आणि त्यांना तिथल्या तिथे बंद करता येते. डिस्क काठोकाठ भरली असेल, तर जागा मोकळी करणे हाच उपाय असतो. एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी वेगवान डिस्क, जवळजवळ भरली की तिचा वेग खालावतो, मग विंडोज कितीही ताजे असो. अडगळ जेव्हा इतकी मुरलेली असते की कुठला प्रोग्राम कशाला लागतो, कुठली फाइल खरी आणि कुठली तिची प्रत, ‘अंतिम’ आणि ‘अंतिम-सुधारित’ यांत शेवटचे कोणते, हेच सांगता येईनासे होते, तेव्हा एकेक गोष्ट काढत बसण्यापेक्षा पाटी कोरी करणे सोपे पडते. या परीक्षणात मी अशा अडगळीने भरलेला लॅपटॉप गृहीत धरला आहे.

या साधनाचा इतिहास थोडा माहीत असला तर त्याचे आजचे पर्याय नीट समजतात. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ मध्ये ‘रिफ्रेश’ आणि ‘रीसेट’ अशी दोन वेगळी बटणे होती. पहिल्यात फाइली राहत, दुसऱ्यात सगळे जाई. २०१५ च्या विंडोज १० मध्ये ती एकाच नावाखाली आली आणि आतला कारभारही बदलला. त्याआधी डिस्कच्या एका राखीव भागात विंडोजची संपूर्ण प्रत ठेवलेली असे आणि रीसेट म्हणजे ती जुनी प्रत पुन्हा पसरणे; त्यामुळे काम संपल्यावर मधल्या काळातले सारे अपडेट पुन्हा उतरवत बसावे लागे. विंडोज १० पासून चालू यंत्रणेच्याच फाइलींमधून नवी यंत्रणा उभी केली जाते, म्हणून ती बऱ्याच अंशी अद्ययावत असते आणि राखीव जागाही वाचते. याची दुसरी बाजू अशी की त्या मूळ फाइलीच बिघडलेल्या असतील, तर नवी इमारत त्याच कच्च्या विटांची होते. या अडचणीवर २०२० च्या मे महिन्यातल्या आवृत्तीत ‘क्लाउड डाउनलोड’ हा पर्याय आला. त्यात विंडोजच्या फाइली मायक्रोसॉफ्टकडून ताज्या उतरवल्या जातात. त्यासाठी चार जीबीहून अधिक डेटा लागू शकतो, अशी सूचना पडद्यावर येते आणि ती गांभीर्याने घ्यावी. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हा उद्योग करू नये.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग सिस्टम, मग रिकव्हरी या वाटेने गेले की ‘रीसेट पीसी’चे बटण दिसते. ते दाबताच निळ्या चौकटीत दोनच पर्याय समोर येतात: ‘कीप माय फाइल्स’ आणि ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’. पहिल्याखाली लिहिलेले असते की अ‍ॅप्स आणि सेटिंग्ज जातील, पण तुमच्या वैयक्तिक फाइली राहतील. दुसऱ्याखाली, की सगळेच जाईल. साहजिकच माणसाचा हात पहिल्याकडे वळतो. कामाचा लॅपटॉप आहे, काही राहून गेले तर काय घ्या, असे मनात येते आणि सावध पर्याय निवडल्याचे समाधानही मिळते.

पसाऱ्याच्या बाबतीत मात्र हा पर्याय उफराटा आहे. त्यात डेस्कटॉपवरच्या शेकडो फाइली, डाउनलोड्समध्ये साचलेली इन्स्टॉलरची रद्दी, एकाच अहवालाच्या पाच प्रती, कुणीतरी कधीतरी पाठवलेल्या झिप फाइली, हे सगळे जसेच्या तसे राहते. जाते ते नीट बसवलेले आणि रोज लागणारे: प्रोग्राम, त्यांची मांडणी, प्रिंटरची जोडणी, फॉण्ट, संपादकातले शॉर्टकट, सवयीचा कीबोर्ड. घराला नवा रंग द्यावा, भांडीकुंडी टाकून द्यावी आणि माळ्यावरची अडगळ मात्र जपून ठेवावी, तसे हे होते. काढलेल्या प्रोग्रामांची यादी डेस्कटॉपवर एका फाइलीत ठेवली जाते, ही एक चांगली सोय आहे, पण ती फाइल हाती येते काम झाल्यानंतर.  जो लॅपटॉप सुरू होताना अडखळतो, ज्याचे अपडेट वारंवार फसतात, त्याच्यासाठी ‘कीप माय फाइल्स’ योग्य आहे. नव्याने सुरुवात करू पाहणाऱ्याने तिकडे वळूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘वैयक्तिक फाइली राहतील’ या वाक्यात आणखी एक गोम आहे, आणि ती जरा जवळून पाहण्यासारखी आहे. प्रत्येक वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये ‘अ‍ॅपडेटा’ नावाचा एक लपवलेला फोल्डर असतो. फाइल एक्सप्लोररमध्ये लपवलेल्या गोष्टी दाखवण्याची खूण केल्याशिवाय तो दिसत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षे लॅपटॉप वापरणाऱ्या पुष्कळांना त्याची गंधवार्ताही नसते. रीसेट करणाऱ्या यंत्रणेच्या लेखी हा फोल्डर वैयक्तिक नव्हे. तो प्रोग्रामांचा आहे, म्हणून ‘कीप माय फाइल्स’ निवडले तरी तो टिकणाऱ्यांत मोडत नाही. प्रत्यक्षात कामाची पुष्कळशी बारीकसारीक कमाई तिथेच दडलेली असते. जुन्या पद्धतीच्या आउटलुकमध्ये बनवलेल्या सह्या ‘रोमिंग’ या उपफोल्डरात ‘मायक्रोसॉफ्ट’ नावाच्या फोल्डरखाली असतात. वर्डला वर्षानुवर्षे शिकवलेल्या शब्दांचा कोश तिथेच असतो. खात्यात प्रवेश न करता वापरलेल्या स्टिकी नोट्सच्या पिवळ्या चिठ्ठ्या, ज्यांवर लोक बँकेच्या शाखेच्या कोडपासून ग्राहकाच्या वाढदिवसापर्यंत काहीही टिपून ठेवतात, त्याही याच फोल्डराच्या पोटात एका डेटाबेसमध्ये असतात. आउटलुकची ‘पीएसटी’ फाइल, म्हणजे लॅपटॉपवरच पत्रे साठवणारी फाइल, मात्र सहसा डॉक्युमेंट्समध्ये असते आणि ‘ओएसटी’, म्हणजे सर्व्हरवरच्या पत्रांची प्रत, पुन्हा अ‍ॅपडेटात. यांतली दुसरी गेली तरी सर्व्हरवरून परत तयार होते. पहिली गेली तर पॉप पद्धतीने उतरवून सर्व्हरवरून काढून टाकलेला पत्रव्यवहार कायमचा गेला, म्हणून ‘पीएसटी’चा पत्ता आउटलुकच्या खाते-सेटिंग्जमध्ये जाऊन स्वतः पाहून घ्यावा, अंदाजाने ठरवू नये.

ब्राउझरची गोष्ट याहून नाजूक आहे. अनेक जण सांगतात की अ‍ॅपडेटातला क्रोमचा फोल्डर उचलून बाहेरच्या डिस्कवर ठेवा आणि नंतर परत जागेवर टाका, की झाले. बुकमार्क त्याने परत मिळतात, पासवर्ड मिळत नाहीत. क्रोम पासवर्ड कुलूपबंद ठेवतो आणि त्या कुलपाची किल्ली विंडोजमधल्या त्या वापरकर्त्याच्या खात्याशी बांधलेली असते. खाते पुसले की किल्ली गेली, आणि हाती उरते ते न उघडणारे कुलूप. फायरफॉक्सची रचना वेगळी आहे. त्याची किल्ली आणि पासवर्ड दोन्ही प्रोफाइलच्याच फोल्डरमध्ये असतात, त्यामुळे तो फोल्डर पूर्ण नेला तर पासवर्डही सोबत जातात (आणि याच कारणाने तो फोल्डर कुठेही उघडा पडू देऊ नये). यापेक्षा बरे म्हणजे पुसण्याआधी पासवर्ड एखाद्या पासवर्ड मॅनेजरमध्ये हलवावेत किंवा ब्राउझरचे सिंक चालू करून दुसऱ्या उपकरणावर ते खरोखर दिसतात का, हे तपासावे. केवळ त्या लॅपटॉपच्या विंडोज हॅलोमध्ये (चेहरा, बोट किंवा पिनने प्रवेश देणाऱ्या सोयीत) साठवलेल्या पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायच्या डिजिटल किल्ल्या, आणि तिथला पिन तर पुसल्यावर उरतच नाही. ज्या सेवेत शिरण्याचा तो एकच मार्ग असेल, तिथे आधी दुसरा मार्ग लावून ठेवावा. नाहीतर नव्या कोऱ्या लॅपटॉपसमोर बसून आपणच आपल्या खात्याबाहेर ताटकळावे लागते.

प्रोग्रामांच्या परवान्यांबाबत हे साधन अवाक्षर काढत नाही, आणि तांत्रिकदृष्ट्या ते त्याचे कामही नव्हे. विंडोजचा स्वतःचा परवाना मात्र निर्धोक आहे: तो लॅपटॉपच्या हार्डवेअरशी जोडलेला असतो, आणि विंडोजसह विकत घेतलेल्या बहुतेक यंत्रांत त्याची किल्ली फर्मवेअरमध्येच, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमधल्या मूळ प्रोग्रामात, कोरलेली असते, त्यामुळे रीसेटनंतर इंटरनेट मिळताच विंडोज आपोआप सक्रिय होते. इतर प्रोग्रामांचे तसे नसते. मोजक्याच यंत्रांवर चालणारा परवाना असेल, तर पुसण्याआधी त्या प्रोग्राममध्ये जाऊन ‘साइन आउट’ किंवा ‘डीअ‍ॅक्टिव्हेट’ करावे लागते. अन्यथा पुसलेला लॅपटॉप त्या कंपनीच्या नोंदीत जुने यंत्र म्हणून जागा अडवून राहतो आणि तोच लॅपटॉप नवे यंत्र म्हणून दारात उभा असतो. हिशेबाच्या अशाच एका प्रोग्रामपायी मला ग्राहकसेवेच्या रांगेत बराच वेळ घालवावा लागला होता, आणि अखेर परवाना मोकळा झाला तो ईमेलवर जुन्या खरेदीची पावती सापडली म्हणून. पावत्या आणि परवान्यांचे क्रमांक लॅपटॉपबाहेर कुठेतरी असावेत, हे त्यावरून कायमचे लक्षात राहिले.

प्रोग्रामांची यादी करण्यासाठी विंडोजमध्येच एक कमी परिचित सोय आहे. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) ‘विनगेट’ या प्रोग्राम बसवणाऱ्या साधनाची ‘एक्सपोर्ट’ आज्ञा दिली की बसवलेल्या प्रोग्रामांची एक फाइल तयार होते आणि पुढे तीच फाइल ‘इम्पोर्ट’ला दिली की त्यांतले बरेचसे प्रोग्राम एकामागून एक आपोआप बसतात. विनगेटच्या भांडारात नसलेले प्रोग्राम त्यात येत नाहीत, म्हणून सेटिंग्जमधली ‘इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स’ची यादीही डोळ्यांखालून घालावी. एक सल्ला देतो: ही यादी जशीच्या तशी परत बसवू नये. काय काय होते हे कळण्यापुरतीच ती वापरावी आणि कामाची गरज पडेल तसतसा एकेक प्रोग्राम बसवावा.

आता ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’कडे वळू. हा पर्याय निवडल्यावर क्लाउड डाउनलोड की लोकल रीइन्स्टॉल, हे विचारले जाते. इंटरनेट बरे असेल तर मी क्लाउडच घेईन. वेळ थोडा जास्त जातो, पण वर म्हटलेल्या कच्च्या विटांचा प्रश्न मिटतो. पुढच्या पडद्यावर या साधनाचा खरा गाभा आहे आणि तोच नेमका एका बारीकशा ‘चेंज सेटिंग्ज’ या दुव्यामागे लपवला आहे. तिथे तीन गोष्टी ठरवता येतात. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने आधीपासून भरून दिलेली अ‍ॅप्स परत हवीत का, या प्रश्नाला नव्याने सुरुवात करणाऱ्याने ‘नाही’ म्हणावे. चाचणीपुरते फुकट असलेले अँटिव्हायरस आणि खरेदीचे आमंत्रण देणारी चिन्हे यांपासून सुटका होण्याची ही संधी असते. लॅपटॉपसोबत ऑफिस मिळाले असेल, तर त्याचा परवाना आपल्या खात्याशी जोडलेला आहे ना, एवढे आधी पाहून घ्यावे.

दुसरा प्रश्न ‘क्लीन डेटा’चा. तो बंद असेल तर फाइलींची नोंद जाते, पण मजकूर डिस्कवर काही काळ सापडू शकतो. तो चालू केला तर डिस्कवर नव्याने लिहून जुने मिटवले जाते आणि त्याला काही तास लागू शकतात. लॅपटॉप आपल्याकडेच राहणार असेल तर याची गरज नाही. विकायचा किंवा दुसऱ्याला द्यायचा असेल तर तो चालू करावाच, मात्र ही सोय घरगुती वापरापुरती आहे आणि सरकारी व औद्योगिक मानकांना ती उतरत नाही, असे मायक्रोसॉफ्टने स्वतःच लिहून ठेवले आहे. गोपनीय कागदपत्रे हाताळणाऱ्यांनी हे वाक्य लक्षात घ्यावे. विंडोजच्या बिटलॉकर या एन्क्रिप्शनच्या सोयीने डिस्क आधीपासून कुलूपबंद असेल तर धोका बराच कमी होतो, कारण किल्ली नष्ट झाली की उरलेला मजकूर निरर्थक अक्षरांचा ढीग असतो. तिसरा प्रश्न सगळ्या ड्राइव्ह पुसायच्या की फक्त विंडोज असलेली, हा. तो मुद्दाम बदलला नाही तर फक्त विंडोजची ड्राइव्ह पुसली जाते. ज्यांनी कामाच्या फाइली ‘डी’मध्ये ठेवल्या आहेत त्यांना हे सोयीचे आहे, पण लॅपटॉप देऊन टाकणाऱ्याला तितकेच घातक आहे, आणि एवढ्या मोठ्या फरकाचा निर्णय त्या बारीक दुव्यामागे ठेवणे मला रचनेतला ठळक दोष वाटतो.

पुसण्याआधीच्या प्रतीबद्दल एक गोष्ट विशेष सांगायला हवी. वनड्राइव्ह ही मायक्रोसॉफ्टची क्लाउड साठवण वापरणाऱ्यांच्या फोल्डरमध्ये काही फाइलींपुढे हिरवी खूण असते आणि काहींपुढे नुसता ढग. ढगाची खूण असलेली फाइल लॅपटॉपवर नसतेच, तिचे केवळ नाव तिथे असते. असा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर ओढला की विंडोज त्या फाइली एकेक करून उतरवू लागते, आणि मध्येच इंटरनेट गेले तर प्रत अर्धवट राहते. उलट दिशेनेही तपासावे: टास्कबारवरचे वनड्राइव्हचे चिन्ह अजून फिरत असेल, तर ताज्या फाइली वर चढलेल्या नाहीत. प्रत पूर्ण झाल्यावर ती बाहेरची डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून वेगवेगळ्या प्रकारच्या चार-दोन फाइली उघडून बघाव्यात. फोल्डरचा आकार जुळला म्हणून समाधान मानू नये.

रीसेट सुरू करताना चार्जर लावलेला असावा, हे विंडोजही सांगते. त्यानंतर काळ्या पडद्यावर एक फिरते वर्तुळ आणि टक्केवारी दिसते. एसएसडी असलेल्या बऱ्यापैकी लॅपटॉपवर एखाद-दीड तासात काम उरकते, पण टक्केवारी समान गतीने चालत नाही. ती एका आकड्यावर खिळते, लॅपटॉप मधूनच बंद होऊन सुरू होतो, आणि आता अडकला असे वाटत असतानाच एकदम पुढे सरकते. या काळात बटण दाबून लॅपटॉप बंद करण्याचा मोह आवरणे हेच खरे काम. विंडोज सुरूच होत नसल्यामुळे बाहेरच्या दुरुस्तीच्या पडद्यावरून रीसेट करावे लागले, तर बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपलेली असते, पण ते खाते उघडायला दुसरे उपकरण लागते. म्हणून ही की आधीच कागदावर उतरवून ठेवावी. आपल्या लॅपटॉपवर डिस्क कुलूपबंद आहे, हेच अनेकांना त्या क्षणी पहिल्यांदा कळते.

हे साधन विश्वासार्ह आहे का? बव्हंशी आहे, पण त्याचा इतिहास निष्कलंक नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने मान्य केले की ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडूनही वनड्राइव्हमधून लॅपटॉपवर उतरलेल्या काही फाइली ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये मागे राहू शकतात. मार्चच्या अपडेटमध्ये ती चूक दुरुस्त झाली. २०२५ च्या ऑगस्टमधल्या सुरक्षा अपडेटनंतर विंडोज १० आणि विंडोज ११ च्या जुन्या आवृत्त्यांवर रीसेटच फसू लागले, आणि १९ ऑगस्टला कंपनीला वेळापत्रकाबाहेरचे अपडेट काढावे लागले. दोन्ही दोष लवकर निस्तरले गेले हे खरे, पण त्यातून दोन खबरदाऱ्या निघतात. पुसण्याआधी विंडोज अद्ययावत करून घ्यावे, आणि लॅपटॉप दुसऱ्याच्या हाती देण्याआधी ‘सी’ ड्राइव्हमध्ये ‘विंडोज डॉट ओल्ड’ नाही ना, हे स्वतः उघडून पाहावे.

पर्याय काय आहेत, हेही थोडक्यात. मायक्रोसॉफ्टचे मीडिया क्रिएशन टूल वापरून किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज घेऊन नव्याने बसवणे ही जुन्या जाणकारांची आवडती रीत आहे. ती सर्वांत निखळ आहे यात वाद नाही, पण काही लॅपटॉपवर वायफायचा ड्रायव्हर (वायफायचे हार्डवेअर चालवणारा प्रोग्राम) त्यात नसतो आणि मग इंटरनेटअभावी घोडे तिथेच अडते. तो ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवावा लागतो. विंडोज ११ च्या ताज्या आवृत्त्यांत रिकव्हरीच्याच पानावर ‘विंडोज अपडेट वापरून दुरुस्ती’ असा एक पर्याय मिळतो. त्यात अ‍ॅप्स, फाइली, सेटिंग्ज सगळे राहते आणि फक्त यंत्रणा नव्याने बसते, म्हणजे बिघाडावर तो सर्वांत सौम्य उपचार ठरतो, पसाऱ्याला मात्र तो हातही लावत नाही. मॅकवर २०२१ च्या मॉन्टेरीपासून ‘इरेज ऑल कन्टेंट अँड सेटिंग्ज’ आले. अ‍ॅपलची स्वतःची चिप किंवा टी२ चिप असलेल्या यंत्रांवर ते मजकुराची किल्लीच फेकून देते, त्यामुळे काम काही मिनिटांत होते. क्रोमबुकचे ‘पॉवरवॉश’ही असेच झटपट आहे. या दोघांशेजारी ठेवले तर विंडोजचे साधन संथ आणि प्रश्नाळू वाटते, हे कबूल करायला हवे.

लॅपटॉप कंपनीने दिलेला असेल तर वरचे सगळे बाजूला ठेवून आधी आयटी विभागाला विचारावे. केवळ शिष्टाचार म्हणून हे सांगत नाही. कंपनीच्या व्यवस्थापन यंत्रणेत नोंदलेल्या लॅपटॉपवर रीसेटचे बटणच बंद केलेले असू शकते. ते चालू असले आणि लॅपटॉप ऑटोपायलटमध्ये, म्हणजे कंपनीचे लॅपटॉप आपोआप तयार करणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सेवेत, नोंदलेला असला, तर पुसल्यानंतर पहिल्याच पडद्यावर तो कंपनीचे नाव दाखवून कंपनीच्याच खात्याने प्रवेश मागतो आणि तिचे नियम, तिची अ‍ॅप्स परत बसवतो. शिवाय व्हीपीएनची प्रमाणपत्रे आणि इतर प्रवेशपत्रे नव्याने द्यावी लागतात, ती आयटी विभागाशिवाय मिळत नाहीत. बरेचदा त्यांच्याकडे याहून सोपा रस्ता असतो: ते आपल्या जागेवरूनच लॅपटॉप पुसून नव्याने तयार करून देतात.

सर्वांत फसवी जागा शेवटी येते, म्हणजे कोऱ्या लॅपटॉपच्या पहिल्या ओळखपरेडीत. भाषा, कीबोर्ड, वायफाय यांनंतर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की जुन्या संगणकाची जपलेली मांडणी परत आणू का, असे विंडोज मोठ्या आपुलकीने विचारते आणि ‘होय’चे बटण ठळक ठेवते. ते दाबले तर जुन्या अ‍ॅप्सची चिन्हे आणि जुन्या सेटिंग्ज पुन्हा दारात हजर होतात. ‘मोअर ऑप्शन्स’मध्ये जाऊन ‘सेट अप अ‍ॅज अ न्यू पीसी’ निवडावे. एवढ्यानेही भागत नाही, कारण वनड्राइव्हमध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सची प्रत चालू असेल तर तो जुना डेस्कटॉप, त्यावरच्या यच्चयावत फाइलींसह, काही मिनिटांत नव्या वॉलपेपरवर पसरायला लागतो. म्हणून पुसण्याआधीच ब्राउझरमधून वनड्राइव्ह उघडून तिथे ‘जुना लॅपटॉप’ असा एक फोल्डर करावा, डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्समधले सगळे त्यात हलवावे आणि नव्या यंत्रणेत वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये जाऊन तो फोल्डर या संगणकावर दाखवू नये अशी निवड करावी. लागेल तेव्हा लागेल ती फाइल ब्राउझरमधून उघडून घेता येते, आणि डेस्कटॉपवर रीसायकल बिनशिवाय काही राहत नाही.